आत माणसं : शून्य

"खळकाका आतच आहेत!" मुंगी धापा टाकत म्हणाली. "त्यांची सायकल मागे उभी आहे. घरी जाऊन काकूंनाही विचारलं. सकाळी आठलाच डबा घेऊन निघालेत!"

वाचनालयाच्या बंद दारासमोर तिचा दादा आणि वकील उभे होते. वकील म्हणजे शेजारचा मुलगा. वय वर्षं बारा, पण वाद घालून त्याने दोन शिक्षकांना घाम फोडला होता.

दारावर पाटी होती : 'वाळवीसाठी विषारी वायू सोडणार. वेळ दुपारी बारा. तीन दिवस प्रवेश बंद.' दादाच्या मोबाइलवर अकरा बेचाळीस झाले होते.

खळकाका वाचनालयातली फाटकी पुस्तकं बांधून द्यायचे. हाताला कायम खळ लागलेली, म्हणून हे नाव. सुट्टी लागल्यापासून मुंगी त्यांच्याकडे पुस्तकं शिवायला शिकत होती. ते तळघरात बसत, आणि तिथल्या भिंती अशा जाड की वर ढोल बडवला तरी खाली पत्ता लागायचा नाही. पाटी लागली दहा वाजता. त्याआधीची सूचना सगळ्यांना मोबाइलवर गेली होती. सगळ्यांना, म्हणजे खळकाका सोडून. त्यांच्याकडे मोबाइलच नव्हता.

"साहेब, काका तळघरात आहेत!" तिघांनी ग्रंथपालांना गाठलं.

"अशक्य." साहेबांनी हातातला टॅब पुढे केला. त्यावर ठळक हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं : 'आत माणसं : ०'.

वाचनालय नुकतंच अद्ययावत झालं होतं. दार मोबाइलने उघडायचं, आणि आत जितके मोबाइल तितकी माणसं, असा यंत्राचा सरळ हिशेब होता.

"पण काकांकडे मोबाइल नाहीये!"

"मग ते आत जातीलच कसे?"

"सफाईवाल्या मावशी दार उघडतात, त्यांच्या मागून. रोज तसेच जातात!"

"ते नियमात बसत नाही," साहेब शांतपणे म्हणाले. जणू जो नियमात बसत नाही, तो तळघरातही बसू शकत नाही!

"एकदा आत डोकावून तरी बघा ना!"

"प्रत्येक फटीला चिकटपट्टी लावायला दोन तास गेलेत, बाळ. दार उघडलं की सगळं पहिल्यापासून. जा, खेळा."

खिडकीपाशी औषधवाला टाकीची नळी आत सरकवत होता. "मला काय, शून्य दिसलं की मी चावी फिरवतो," तो म्हणाला.

अकरा पन्नास! मुंगीने त्या हिरव्या शून्याकडे टक लावून पाहिलं, आणि दादाला ओढत कोपऱ्यात नेलं.

"दादा, मोबाइल दे."

"कशाला?"

"आत टाकायचाय."

"डोकं फिरलंय का तुझं? परवाच घेतलाय!"

"ते माणसं मोजत नाहीत रे, मोबाइल मोजतात! तुझ्यात वाचनालयाचं ऍप आहे ना? मग दे!"

दादाने मोबाइल छातीशी धरला. पोराला पहिल्या दिवशी शाळेत सोडणाऱ्या आईसारखा त्याचा चेहरा झाला. पण त्याने तो दिला.

"वकिला, साहेबांना बोलण्यात गुंतव!"

हे काम वकिलाला सांगावं लागलं, एवढंच आश्चर्य. मुंगी वाकून बाजूच्या भिंतीशी पळाली. वाचून झालेली पुस्तकं टाकायची फट तिथे होती. तीवर पट्टीचे तीन थर! ती नखांनी खरवडू लागली. पुढून आवाज येत होता.

"साहेब, तुमचा मोबाइल घरी राहिला, तर तुम्ही घरीच असता का?"

"विषय बदलू नकोस!"

"विषय हाच आहे, साहेब!"

एक नख तुटलं. दुसरा थर निघाला. तिसरा टोकाशी सुटला, आणि मुंगीने मोबाइल आत ढकलला. धप्प! तिने पट्टी पुन्हा घट्ट दाबली आणि पुढे धावली.

टॅबवर अजून शून्यच!

"बारा," औषधवाला म्हणाला. त्याने तोंडावर मुखवटा चढवला. त्याचा हात चावीवर गेला...

"टीं टीं टीं!" टॅब किंचाळला. हिरवं शून्य गेलं आणि लाल एक आला.

"थांबा!" साहेब खुर्चीतून उडालेच. "आत कोणीतरी आहे!"

"तेच तर आम्ही सांगत होतो!" मुंगी ओरडली.

"तुम्ही नुसतं सांगत होतात! हे दाखवतंय!"

चिकटपट्ट्या टराटरा फाटल्या. मुंगी सगळ्यांच्या पुढे, जिना उतरत तळघरात. खळकाका दिव्याखाली वाकून एका जाडजूड कोशाला कणा चिकटवत होते.

"दार लावा आधी," ते वर न बघता म्हणाले. "वाऱ्याने खळ सुकते."

मुंगीला रडूच फुटलं. तिने त्यांचा चिकट हात धरला आणि सोडलाच नाही.

बाहेर पायरीवर बसवून मुलांनी त्यांना मोबाइलच्या युक्तीसकट सगळं सांगितलं, तेव्हा मात्र त्यांनी हाताची खळ सदऱ्याला पुसली. मग मुंगीच्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "पोरी, आज आमच्या घरी रडारड झाली असती."

साहेबांनी घाम पुसला. "बघितलंत? आमच्या यंत्रणेने एक जीव वाचवला! काका, आता तरी मोबाइल घ्या."

"काकांनी मोबाइल घ्यायचा, की तुम्ही आत डोकवायचं?" वकिलाने विचारलं. साहेबांना एकदम खोकला आला.

"यंत्राला खोटं बोलायला लावलं, तेव्हा ते खरं बोललं, साहेब," औषधवाला म्हणाला. त्याने हातमोजा काढून तिघांशी हात मिळवला. "वीस वर्षं हे काम करतोय. आज तुम्ही मला वाचवलंत, मुलांनो."

मग तो एकटाच आत गेला. तो प्रत्येक खोलीत, प्रत्येक कपाटामागे, अगदी तळघरातसुद्धा जाऊन ओरडत होता, "कोणी आहे का? आत कोणी आहे का?"

खळकाका पायरीवरून उठले आणि दारात तोंड घालून त्यांनी सगळा जीव एकवटून उत्तर दिलं, "मी बाहेर आहे हो!"