लॅब-१ला आलेले एकोणीस निरोप

"तुम्ही मला सकाळपासून एकोणीस वेळा बोलावलंत," तो म्हणाला. "काही काम होतं, की सहज?"

मी मान वर केली. टेबलापलीकडे एक उंच माणूस उभा होता. दोन इमारतींमधलं अंगण पावसात ओलांडून आला असावा... केस कपाळाला चिकटले होते आणि चष्म्याच्या काचांवर थेंब होते. आवाजात मात्र राग नव्हता.

"मी? मी तर तुम्हाला ओळखतही नाही."

"मीही नाही. पण माझा फोन तुम्हाला ओळखतो." त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. एकाखाली एक एकोणीस निरोप होते, सगळे सारखेच. लॅब-१ अडचणीत आहे, ताबडतोब पाहा. "लॅब-१ माझा सर्व्हर. दोनदा जाऊन बघून आलो, ठणठणीत आहे. मग म्हटलं, त्यापेक्षा निरोप पाठवणारीलाच बघावं."

लाजेने माझे कान तापले.

आम्ही एका हॉस्पिटलच्या संगणक विभागात होतो. तपासणीचे रिपोर्ट, औषधांच्या नोंदी, डॉक्टरांच्या भेटीच्या वेळा, सगळं सर्व्हरवर चालायचं. कुठल्याही सर्व्हरला काही झालं की पडद्यावर इशारा यायचा. पूर्वी दोन माणसं दिवसभर ते इशारे वाचायची आणि त्यातलं सर्व्हरचं नाव उतरवून ज्याचं त्याला कळवायची. हे आपोआप व्हावं म्हणून मला घेतलं होतं, सहा महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर. काम पटलं तर कायम. त्यासाठी मी रेगेक्स लिहीत होते, म्हणजे मजकुराच्या गर्दीत नेमकं काय हुडकायचं ते सांगणारा चिन्हांचा नमुना. आम्ही नुसतं 'पॅटर्न' म्हणायचो. त्या सकाळी माझा पॅटर्न पहिल्यांदा कामाला लागला होता.

"दाखवा तरी," तो म्हणाला आणि शेजारची खुर्ची ओढून बसला.

मी पडद्यावर बोट ठेवलं. "आधी अक्षरं, मग आडवी रेघ, मग अंक..."

"किती अंक?"

मी पडद्याकडे पुन्हा पाहिलं. मी एकच अंक सांगितला होता. लॅब-१२, लॅब-१४, लॅब-१७... सगळ्यांचं शेपूट कापून माझ्या पॅटर्नने त्यांना लॅब-१ करून टाकलं होतं.

"अंकानंतर अधिकचं चिन्ह टाका," तो हळूच म्हणाला. "म्हणजे एक किंवा जास्त, असतील तेवढे घेईल."

मी टाकलं. त्याचा फोन गप्प झाला. तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "आता कुणी बोलावणारच नाही म्हणा."

अख्खा विभाग त्याला मौनी म्हणतो, हे मला नंतर कळलं. माझा विश्वासच बसला नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला तो हातात कागद घेऊन. जुन्या इशाऱ्यांतले चमत्कारिक नमुने त्याने शोधून आणले होते. एकात सर्व्हरचं नाव चौकटी कंसात, एकात वाक्याच्या शेपटाला, एकात तर सगळं मोठ्या अक्षरांत, जणू सर्व्हर ओरडतोय.

"हे फोनवर पाठवता आलं असतं," मी म्हणाले.

"आलं असतं," तो म्हणाला आणि बसला.

मग रोजच दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर आमचे डबे उघडायचे. मी पॅटर्न समजावून सांगायचे आणि तो हनुवटीखाली मूठ ठेवून ऐकायचा. नवा पॅटर्न लावायच्या आधी तपासणाऱ्याची सही लागायची, तीही तोच करायचा. मी लिहिताना पेनचं टोपण दातात धरते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. तो हसू आलं की चष्मा पुसायला घेतो, हे माझ्या.

घरी ताई म्हणाली, "तुझ्या त्या सर्व्हरांना फारच आजारपण दिसतंय. रोज कुणीतरी तपासायला येतंय म्हणतेस."

"कामाचं असतं, ताई."

"हो गं, कामाचंच असणार," म्हणत ती भाजी चिरत राहिली.

पाचव्या महिन्यात घोटाळा झाला. एका इशाऱ्यात दोन नावं आली. लॅब-१२ बंद पडला होता आणि त्याच्यामुळे औषध-३ अडकला होता, दोघांची नावं आपापल्या चौकटी कंसात. माझा पॅटर्न पहिला कंस उघडल्यापासून शेवटचा कंस मिटेपर्यंतचं सगळं गिळून बसला. असल्या पॅटर्नला आमच्यात हावरा म्हणतात. एवढ्या लांबलचक नावाचा सर्व्हरच नव्हता, त्यामुळे निरोप कुणालाच गेला नाही. पन्नास मिनिटं रक्ततपासणीचे रिपोर्ट वॉर्डात पोचले नाहीत. नर्सबाईंनी जिने चढून-उतरून ते हाताने नेले म्हणून कुणाला इजा झाली नाही.

विभागप्रमुख मॅडमनी आम्हाला बोलावलं. "हा पॅटर्न तपासला कुणी?"

"मी लिहिला होता, चूक माझी आहे," मी म्हणाले.

"तपासणारा म्हणून सही माझी आहे," तो म्हणाला. "मी नीट वाचला नाही."

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "एक आठवडा देते. नंतर मी स्वतः बघेन. जमलं नाही तर पुन्हा माणसं बसवू, आणि तुमच्या नेमणुकीचं काय ते तेव्हा ठरवू."

जिन्यात मी त्याला गाठलं. मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचा राग मी त्याच्यावर काढला.

"माझ्यासाठी खोटं बोलायची काही गरज नव्हती. माझी चूक मला निस्तरता येते."

"खोटं कुठे बोललो?"

"तुम्ही वाचला नाहीत? तासभर माझ्याशेजारी बसला होतात."

तो कठड्याला टेकला. चष्मा काढला, पण पुसला नाही.

"बसलो होतो... तुम्ही पॅटर्न समजावत होतात, मी पॅटर्नकडे बघत नव्हतो. दोन महिने झाले, मी पॅटर्नकडे बघतच नाहीये. त्या दिवशीही बघितलं नाही आणि सही केली. वॉर्डातल्या माणसांच्या बाबतीत असं करायला नको होतं. तुमच्या बाबतीतही."

खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी चपला वाजल्या. मी तळहाताने डोळे पुसले. मग म्हणाले, "उद्या नऊला या. आणि पडद्याकडे बघा."

तो आला. त्या आठवड्यात खरोखरच त्याने पडद्यावरून नजर हटवली नाही. इतकी की मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं. मी हावऱ्या चिन्हापुढे प्रश्नचिन्ह टाकलं, म्हणजे पॅटर्न जवळच्या कंसापाशीच थांबेल. एक नाव सापडल्यावर पुढेही शोधत राहायला सांगितलं. जे नाव सर्व्हरच्या यादीत नाही, ते परस्पर न गिळता माणसासमोर ठेवायला सांगितलं. हे तिसरं त्याने सुचवलेलं होतं. मग दोन वर्षांचे जुने इशारे, अकरा हजारांवर, त्यातून गाळून काढले. नाव न सापडलेले सात उरले. ते आम्ही एकेक करून वाचले. एकदा मी बरोबर ठरवलेलं त्याने चूक ठरवलं आणि अर्धा तास वाद घातला. तोच बरोबर निघाला. मला राग यायला हवा होता, पण इतकं मन लावून माझं लिहिलेलं आजवर कुणी वाचलं नव्हतं.

सोमवारी मॅडमनी स्वतः बनवलेले तीस वाकडेतिकडे इशारे टाकून पाहिले. प्रत्येक नाव नेमकं बाहेर आलं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ही मोठीच शाबासकी. संध्याकाळी नेमणुकीचं पत्र हातात पडलं.

ते पर्समध्ये घालून मी अंगण ओलांडून त्याच्या इमारतीत, सर्व्हरच्या खोलीत गेले. पहिल्यांदाच. आत थंडी होती, शेकडो पंखे घोंघावत होते आणि तो स्वेटर घालून गुडघ्यांवर बसून निळ्या वायरी लावत होता. मला बघून धडपडत उठला.

"पत्र मिळालं," मी म्हणाले.

"काय?" त्याने कानामागे हात धरला.

मी जवळ गेले. "कायम झाले. आणि ताईने रविवारी जेवायला बोलावलंय."

"कुणाला?"

"ज्याच्याबद्दल मी घरी रोज बोलते त्याला."

"रोज?" तो माझ्याकडे बघत राहिला. "काय बोलता रोज?"

"आधी सर्व्हरबद्दल बोलायचे..." बाकीचं सांगायला आता धीर लागत होता. मी त्याच्या हातातली वायर काढून घेतली. "जिन्यात तू जे म्हणालास ना... मीसुद्धा पॅटर्नकडे बघत नव्हते रे. नाहीतर तो कंस माझ्या नजरेतून सुटला असता का?"

पंखे घोंघावत होते. त्या दिवशी प्रथमच मला तो मौनी वाटला. मग त्याने हात पुढे केला. वायरी धरून धरून बोटं गारठली होती. मी ती दोन्ही हातांत घेतली.

"रविवारी किती वाजता येऊ?" त्याने विचारलं.

"एक वाजता."

"मी अकरालाच येईन," तो म्हणाला.