रिकाम्या घरांचा धूर

बेकरीतलं पीठ संपलं तेव्हा भट्टीवाल्याला वाटलं, आता आपल्याला कोण विचारतो? पण वेढा पडलेल्या गावात आगीची जाण असलेला माणूस कुणी वाया घालवत नाही. निम्मं गाव पळालं होतं, उरलेल्यातलं निम्मं मेलं होतं, आणि शत्रू टेकडीवरून दुर्बिणीने धुराडी मोजत होता. म्हणून कप्तानाने रिकाम्या घरांच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हाती दिला. रोज सकाळी निखाऱ्यांची बादली घेऊन घरोघर चूल पेटवायची, वर ओलं गवत टाकायचं. धूर दाट, म्हणजे गाव भरलेलं.

बायको अंथरुणाला खिळलेली. तिला हलवता येत नव्हतं, म्हणून शत्रू आत येऊन चालणार नव्हतं. भट्टीवाल्याचं युद्धशास्त्र एवढंच.

"गावभर चुली पेटवत हिंडता, आपली मात्र गार," ती टोमणा मारायची. लाकूड शत्रूला दाखवण्यापुरतंच उरलं होतं.

एके सकाळी कप्तान बुरुजावरून ओरडला, "शाबास! मागची गल्लीही पेटवलीत!"

मागच्या गल्लीत तो गेलाच नव्हता. मग गेला. कुलपं जशीच्या तशी. आत चुली गार, राखेवर कोळ्याचं जाळं. वर धुराड्यातून मात्र धूर निघत होता, आणि त्याला भाजत्या पावाचा वास होता.

"पीठ कुठून आलं?" त्याने कप्तानाला विचारलं.

"अहो, धर्माची गाय. दात कशाला बघता?"

धूर वाढत गेला. ज्या घरातलं शेवटचं माणूस जाई, ते घर दुसऱ्या सकाळी आपणहून धुमसू लागे. सोंग इतकं वठलं की एवढ्या भरल्या गावासाठी शत्रूने मोठ्या तोफा मागवल्या. त्या टेकडीवर चढताना दिसल्या, तशी कप्तानाची शाबासकी थांबली.

भट्टीवाला घरी वळला. त्याच्या धुराड्यातून दाट धूर येत होता. दाराला बाहेरून कडी. रिकाम्या घरांच्या सवयीने त्याने ती काढली, आणि मग आठवलं: सकाळी निघताना त्याने दार नुसतं लोटून घेतलं होतं.

आत चुलीवर ओलं गवत, थेट त्याच्याच पद्धतीने पसरलेलं.

"कोण आलं होतं?"

"शेजारच्या मावशी."

मावशींना त्याने स्वतः पुरलं होतं.

"किती हाका मारल्या, बघेचनात," बायको म्हणाली. "रिकाम्या घरात आल्यासारखी चूल पेटवली. माझ्या पांघरुणाची घडी घातली."

"तू आत असताना?"

"मी आत असताना."

तो तिच्याजवळ बसला. तिचा हात गरम होता, चांगला गरम.

बाहेरून कुणीतरी हलकेच कडी लावली.