न उचलायचा फोन

फोन एकदाच वाजला आणि गप्प झाला.

बोरसड्याच्या पठारावरच्या अवकाश-केंद्राच्या स्वयंपाकघरात मिहिका आंबा चोखत बसली होती. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दुपारचे साडेबारा. काल हा फोन साडेबारालाच वाजला होता, परवाही. दर वेळी एकच घंटी, मग शुकशुकाट. सन २०५३ मध्ये फोन करायला पैसे पडत नाहीत. मग एका घंटीत दम संपणारा हा माणूस कोण?

अकरा वर्षांच्या मिहिकाला कोडं सुटल्याशिवाय जेवण जात नसे. दुसऱ्या दिवशी ती आधीच फोनखाली स्टूल मांडून बसली आणि घंटी वाजायला लागताच तिने झडप घालून फोन उचलला.

"हॅलो! कोण बोलतंय?"

"अगं बया! उचललास कशाला?" पलीकडून एक बाई ओरडली आणि फोन आपटला.

तेवढ्यात सर्जेरावनाना आत आले. केंद्राचं चहापाणी आणि फाटकाचा पहारा, दोन्ही कामं गेली तीस वर्षं तेच पाहत होते. झाला प्रकार ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"मिस कॉल उचलतंय व्हय कुणी? आमच्या कारभारणीचा हाय त्यो. एक रिंग दिली की भाकरी झाली, जेवाया या. दोन दिल्या की येताना तेल-मीठ काय तरी आणा. आन् वाजतच ऱ्हायला, तर हातातलं टाकून पळत सुटायचं."

"मग काकी बोलत का नाहीत?"

"आमच्या तरुणपनी उचलला की पैकं कापायचं, पोरी. न उचलता निरोप पोचला, तर फुकट. आता समदंच फुकट हाय, पन सवय जात न्हाई. आन् बोलायचं काय त्यात? भाकरी झाली म्हंजी झाली."

मिहिका हसत हसत आत्याला हे सांगायला धावली आणि दारातच थबकली. अनुआत्या, म्हणजे डॉ. अनघा, टेबलावरच्या एका कागदाकडे नुसती बघत बसली होती. आत्याला असं नुसतं बसलेलं मिहिकाने कधी पाहिलं नव्हतं.

आत्या 'वाटसरू' यानाची प्रमुख होती. गुरू ग्रहाच्या वाटेवर, त्याच्या पुढे पुढे धावणारा लघुग्रहांचा (सूर्याभोवती फिरणाऱ्या लहान-मोठ्या खडकांचा) एक थवा आहे. वाटसरू तिकडे निघाला होता. चार वर्षं प्रवास झाला होता, चार वर्षं उरली होती. मिहिका दुसरीत होती, तेव्हा आत्याचा हात धरून तिने त्याला उडताना पाहिलं होतं.

"तीस तारखेला त्याला बंद करायचं," आत्या म्हणाली. "सरकारने आमच्या विभागाचा निधी निम्म्यावर आणलाय."

"सरकार दुष्ट आहे!"

"नाही गं. समुद्र चढतोय, किनाऱ्यावरच्या गावांना भिंती हव्यात. त्यांचंही चुकत नाही, म्हणून तर भांडताही येत नाही मला."

"पण वाटसरू तर उडून गेलाय! आता त्याला काय लागतं?"

"त्याला काही लागत नाही. त्याचं ऐकायला लागतं." आत्याने टेबलावरचा टॉर्च लावून भिंतीवर उजेड पाडला. "मी मागे सरकले की हाच उजेड पसरतो आणि फिका होतो. अंतर दुप्पट झालं की उजेड अर्धा होत नाही, चौथाई होतो. तिप्पट झालं की नववा हिस्सा. रेडिओ लहरींचंही (डोळ्यांना न दिसणाऱ्या, पण प्रकाशाच्याच जातीच्या लहरींचं) अगदी तसंच. वाटसरूची हाक इथे पोचेपर्यंत इतकी क्षीण होते, की ती टिपायला आपली सर्वांत मोठी तबकडी रोज आठ तास त्याच्याकडे तोंड करून ठेवावी लागते. शिवाय तीन पाळ्यांत चाळीस माणसं. तो आकडे पाठवतो, आम्ही ते तपासतो आणि परत विचारतो."

"रोज काय सांगतो तो?"

"रोज?" आत्या जरा ओशाळली. "रोज म्हणतो, ठीक आहे."

मिहिकाच्या तोंडून निघून गेलं, "मग मिस कॉल द्यायला सांग ना त्याला!"

आणि तिने नानांच्या कारभारणीच्या, शेवंताकाकींच्या घंट्यांची सगळी हकिकत सांगून टाकली. आत्या आधी हसली, मग हसायची थांबली. मग तिने तो कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर भराभरा आकृत्या काढायला लागली.

"मिहू, जत्रेच्या गर्दीत तुला कोणी लांबून गोष्ट सांगायला लागलं तर कळेल?"

"छे! गोंगाटात काय ऐकू येणार?"

"आणि शिट्टी मारली तर?"

"शिट्टी ऐकू येईल."

"का? कारण फुंकणाऱ्याचा सगळा जोर एकाच सुरात असतो. गोष्टीत तो हजार शब्दांवर वाटला जातो. यानानेही आकडे पाठवायचे सोडून सगळी ताकद एकाच वारंवारितेवर (दर सेकंदाला येणाऱ्या लहरींच्या एकाच ठरावीक संख्येवर) लावली, की झाली शिट्टी! ती ऐकायला मोठी तबकडी नको. मागच्या अंगणातली छोटी पुरेल."

"जिच्याखाली काकी कुरडया वाळत घालतात?"

"तीच. लांबच्या यानांना झोपवायची युक्ती जुनीच आहे. वाटसरूतही ती सोय आम्ही ठेवली होती, पण अडीअडचणीला पंधरा दिवसांपुरती. सलग चार वर्षं त्याला शीतनिद्रेत (थंडीत काही प्राणी घेतात तशा लांब झोपेत) ठेवायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. रोज बोलायची सवय लागली होती ना!"

खरं तर सवय सोडणं यानापेक्षा आत्यालाच जड जाणार होतं, हे मिहिकाला तेव्हाच कळलं.

निधीचा निर्णय वित्त विभागाच्या मिठारे मॅडमच्या हाती होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि सरळ अट घातली: वाटसरूला एकवीस दिवस झोपवा. बाविसाव्या दिवशी त्याने ठरल्या वेळी, न विचारता, छोट्या तबकडीवर शिट्टी द्यावी. इथून त्याला एकही हाक जाता कामा नये. जमलं तर मोहीम चालू, नाही तर तीस तारीख.

सूरही ठरले. पहिला सूर म्हणजे सगळं ठीक. दुसरा म्हणजे सवडीने बोलू. तिसरा म्हणजे धावत या.

ते एकवीस दिवस आत्याने कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक. मोठ्या तबकडीच्या खोलीला कुलूप होतं, तरी ती दिवसातून दोनदा त्या दारापर्यंत जाऊन परत यायची. नानांनी चहात साखर घातली नाही, तेही तिला कळलं नाही.

बाविसाव्या दिवशी कुरडया हलवल्या गेल्या. छोट्या तबकडीशेजारच्या खोलीत चौघं बसली: आत्या, मिठारे मॅडम, मिहिका आणि दाराशी नाना. अकरा वाजून एकोणपन्नास मिनिटं झाली. पडद्यावर नुसती खरखर, गवतासारखी थरथरणारी.

"वेळ झाली ना?" मॅडमनी विचारलं.

"आत्ता निघाला असेल त्याचा सूर," मिहिका म्हणाली. "प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी एक्केचाळीस मिनिटं लागतात. साडेबाराला पोचेल."

साडेबारा वाजले. काही नाही. बारा एकतीस, बारा बत्तीस. नाना बोटं मोडायला लागले. मिहिकाला वाटलं, मिस कॉलचं आपण सुचवलं आणि त्यापायी वाटसरू हरवला तर?

"संगणक थेंब थेंब साठवतोय," आत्या कोरड्या आवाजात म्हणाली. "खरखर कधी वर जाते, कधी खाली. पुष्कळ वेळ बेरीज केली की ते चढउतार एकमेकांना खोडतात. सूर मात्र दर वेळी त्याच जागी येतो, म्हणून तो साठत जातो. असला तर दिसेल."

बारा पस्तीसला त्या गवतातून एक काडी वर आली. बारीक, सरळ, पहिल्या सुराच्या जागी. मग ती आणखी उंच झाली.

"ठीक आहे!" मिहिका किंचाळली. "तो ठीक आहे!"

आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आणि चार वर्षांच्या सवयीने तिचा हात आपोआप शेजारच्या कळीकडे गेला. ती दाबली की यानाला हाक जायची: कसा आहेस, सगळं सांग. बोट कळीवर टेकणार, तोच मिहिकाने ते धरलं.

"आत्या, उचलू नकोस!"

आत्याने हात मागे घेतला आणि भाचीला घट्ट कवटाळलं.

मिठारे मॅडम पडद्यावरच्या त्या एका काडीकडे बराच वेळ बघत राहिल्या. "हॉस्टेलवर पोचले की मी आईला एक रिंग द्यायचे," त्या हळूच म्हणाल्या. "ती कधी उचलायची नाही. पण तिचा जीव भांड्यात पडायचा." मग त्यांनी चष्मा पुसला आणि कागदावर सही केली.

आता या तबकडीवर आठवड्यातून एक तास आणि तीन माणसं पुरणार होती. बाकीचे सदतीस जण किनाऱ्यावरच्या वादळांवर नजर ठेवणाऱ्या उपग्रहांकडे जाणार होते.

"म्हणजे एक वार वाटसरूचा," मिहिका बोटं मोजत म्हणाली. "उरलेल्या सहा वारी तबकडी काय करणार?"

"आणखी सहा यानांचं ऐकणार," आत्या म्हणाली. तिचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता. "लहान, स्वस्त, झोपत झोपत जाणारी. कॉलेजातल्या पोरांनी बनवलेलीसुद्धा. वाटसरू पोचेल तेव्हा तू पंधरा वर्षांची असशील. तेव्हा त्याला मोठी तबकडी लावून मनसोक्त बोलायला लावू. चार वर्षांच्या गप्पा एकदम."

पलीकडे स्वयंपाकघरातला फोन, आज जरा उशिराच, एकदा वाजला आणि गप्प झाला.

कोणीच उचलला नाही. सगळे जेवायला उठले.