मांडलेलं पान

बसा ऋषिकेशभाऊ. तिकडे नाही, इकडे माह्या बाजूनं बसा. लाईटीचं काही खरं नाही, येईल तव्हा येईल. हा चार्जिंगचा दिवा जेवणापुरता पुरते. तुमचं काम समजलं मले. उद्या गाडी पाहिजे, पांढुर्ण्याहून बायकापोरं येतील, आवळीखाली जेवाले एखादी शांत बाग पाहिजे. देतो ना गाडी! पण दिवेलागणीले आलेला माणूस या घरून उपाशी जात नाही. दोन घास खा, मग बोलू.

ती पिशवी कायची? आवळे? रस्त्यात घेतले? नाही नाही, घरात नको. बाहेर माह्या गाडीच्या सीटवर ठेवून या. आता पुसू नका, जेवता जेवता सांगतो.

हां, बसा. ही माही पोरगी, पल्लवी. वाढ बेटा भाऊले. तिच्या शेजारी चौथं ताट आहे, त्याच्याकडे जास्त पाहू नका. मांडलं आहे, राहू द्या.

वीस वर्षं झाली मले हा धंदा करता करता. दिवाळी झाली का लोकाइले फिरवून राहिलो. सकाळचं धुकं, दोन्ही बाजूनं पांढरा झालेला कापूस, मग संत्र्याच्या बागा. आंब्या बहाराचे संत्रे पिवळे पडाले लागलेले असतात, खालून बांबूचे टेकू दिलेले. कन्हानच्या काठी गाडी थांबवा, पोरं पाण्यात पाय बुडवतात, बाया फोटो काढतात. मग बोरगावच्या पलीकडे देवीदासची बाग. विहिरीजवळ आवळीचं जुनं झाड आहे. असं झाड, असं ऊन, असा शांतपणा तुम्हाले कुठं भेटणार नाही, हे मी सगळ्याइले सांगतो. तुम्हालेही सांगितलं असतं. पण तुम्ही माह्या घरी जेवाले बसले, म्हणून खरं सांगून राहिलो.

माही बायको, चंद्रकला. दर कार्तिकात आम्ही तिथंच आवळीभोजन करत होतो. रोडगे, वांग्याची भाजी, वरण-भात, अन् पानात एकेक आवळा. तिची एक सवय होती. सगळं जेवण झालं का शेवटी आवळा मिठासंगं खायची, वरून पाणी प्यायची, अन् म्हणायची, "पाणी गोड लागलं." असं म्हटलं का समजायचं, बाईचं जेवण झालं.

पण हे आवळीखालीच बरं का. घरी तिचं जेवण कव्हा झालं, आम्हाले काय माहीत! पंगतीचा नियम मोठा, शेवटच्या माणसाचं झाल्याशिवाय कोणी उठू नये. पण घरच्या बाईच्या ताटाले कोण तो नियम लावते? आम्हाले वाढून ती एकटी मागून बसायची. मी हात धुवून, तोंड पुसून गाडीची किल्ली घेऊन बाहेर.

मागच्या वर्षी चैत्रात ती तशीच बसली होती. दोन घास खाल्ले अन् तिथंच कलंडली. मी अंगणात गाडी पुसून राहिलो होतो. आत आलो तव्हा तिचा उजवा हात भातात होता. डॉक्टर म्हणे, हार्ट.

मी रडलो नाही, भाऊ. लोक म्हणे मनोहर दगडाचा आहे. दगड नाही, पण आत कापूस कोंबल्यासारखं झालं होतं. कोणी काही म्हटलं तरी ते कापसात जाऊन बसे. पोरीचं दुसरंच. तिनं जेवणच सोडलं. अर्धी पोळी, कधी तीही नाही. कॉलेज सुटलं, हाडं दिसाले लागले. मले एकच गोष्ट समजत होती, एक गेली, आता ही जाऊन राहिली. म्हणून कार्तिकात माही मोठी बहीण कलाबाई म्हणे, "हिले बागेत ने. आईच्या जागी जेवू दे, कदाचित चार घास खाईल."

गेलो. मी, पल्लवी, कलाबाई, अन् बागवाला देवीदास. भर दुपार होती. रोडगे भाजल्याच्या राखेचा वास, विहिरीची मोटर बंद, पाखरू नाही. मी पत्रावळी मांडल्या, अन् मांडता मांडता सवयीनं पाच मांडल्या.

कलाबाई हळूच म्हणे, "मनोहर, एक पान जास्तीचं झालं."

मी उचलाले वाकलो, तर देवीदासनं हात धरला. "मांडलेलं पान उचलू नये, दादा. वाढून दे. आवळीमायच्या नावानं राहू दे."

बरोबरच होतं त्याचं. आपल्यात नाहीच उचलत. वाढलं, भात, वरण, भाजी, रोडगा, आवळा. पाणी फिरवलं, अन् जेवणाऱ्याले आपण जे म्हणतो तेच म्हटलं, "बसा. सावकाश होऊ द्या."

इथंच चुकलं माह्यं. कोणाले म्हणून राहिलो, हे पाहिलंच नाही.

पल्लवी त्या पाचव्या पानाजवळ बसली होती. थोड्या वेळानं ती म्हणे, "बाबा, भात." मले वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. वाढला. परत म्हणे, "भाजी." कलाबाईचे डोळे भरून आले. पोरगी जेवत होती, भाऊ! सात महिन्यानं तोंडात घास चावत होती, मधून बाजूले पाहून हसत होती. मी म्हटलं, देवा, पावलास.

मग माही नजर त्या पानावर गेली. भाताच्या मधात आळं केलेलं होतं, वरणासाठी. अंगठ्यानं दाबून, एका बाजूनं कललेलं. मी वाढताना आळं करत नाही. चंद्रकला करायची.

मी पाहत राहिलो. हात नाही, बोटं नाही. पण भात कमी होत होता. घासाघासानं, एका कडेनं. देवीदास पुटपुटला, "मुंग्या असतील..." मुंगी एक नव्हती. अन् वास आला. संत्र्याची साल हातावर चोळल्याचा. तिच्या हाताले बाराही महिने तोच वास असे.

भीती वाटली का, म्हणता? नाही. खरं सांगतो, काहीच नाही वाटलं. फक्त हात पानातच सुकून राहिला होता. आमच्या चौघाइचं झालं होतं, पण उठणार कसं? पंगतीत एक जण जेवून राहिलं होतं. कलाबाई मान खाली घालून बसली. झाडाची सावली सरकून विहिरीवर गेली, ऊन तिरपं झालं, तरी कोणी हललं नाही. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही चंद्रकलेचं जेवण होण्याची वाट पाहत बसलो होतो.

शेवटी पानात आवळा तेवढा उरला.

तव्हा मी पोरीले विचारलं, "पल्लवी... कोणासंगं हसून राहिली?"

ती सहज म्हणे, "आई म्हणते, माह्यं झालं का आपण दोघी संगंच उठू."

"कुठं जाले?"

"ते नाही सांगितलं."

पानातला आवळा थोडासा हलला, भाऊ. कोणी बोटानं लोटावा तेवढा. अन् मी उठलो. भर पंगतीतून, खरकट्या हातानं. कलाबाई ओरडली, "मनोहर! बस खाली! जेवत्या माणसाले टाकून उठतं का कोणी?" मी ऐकलं नाही. पोरीचं मनगट धरलं अन् ओढत ओढत गाडीत टाकलं. ती किंचाळली नाही, रडली नाही. मागच्या काचेतून झाडाकडे पाहत राहिली. बोरगाव गेलं, आपलं सौंसर आलं, तशीच.

त्या संध्याकाळी तिनं आमच्या दोघाइच्या मधात तिसरं ताट मांडलं. मी त्याच्यातही वाढलं. मांडलेलं पान उचलू नये.

तव्हापासून वर्ष झालं. पल्लवी जेवते, पाहा ना, तब्येत सुधारली. कॉलेजात जाते. लोक म्हणतात, मनोहर, पोरीले चांगलं सावरलं तू. मी काय करतो ते त्याइले माहीत नाही. मी त्या ताटातलं संपू देत नाही. भात अर्ध्यावर आला का वाढतो, भाजी वाढतो, वरण वाढतो, अन् म्हणतो, सावकाश होऊ द्या. मग पोरगी झोपेनं पेंगली का ताट तसंच झाकून ठेवतो, सकाळी त्याच्यातच वाढतो. तिले पोटभर जेवू नाही दिलं मी जिवंतपणी, अन् आता मेल्यावर जेवण संपू देत नाही. मले लाज वाटाले पाहिजे. पण ती उठली का माही पोरगी उठेल, मग लाज घेऊन काय करू?

अन् आवळा या घरात येत नाही. लोणचं नाही, मुरब्बा नाही, केसाले तेलही नाही. आवळा नाही, तर तिचं जेवण होत नाही.

म्हणून म्हणतो, उद्या दुसऱ्या बागेत नेतो तुम्हाले. कन्हानच्या पलीकडे एक छान जागा आहे. घरच्या बाईचं वाढून झालं का तिलेही पंगतीत बसवा, अन् तिचं होईपर्यंत बसून राहा. एवढं केलं तर काही होत नाही.

तुमचं झालं? नाही, उठू नका, भाऊ. हात ताटातच राहू द्या. पल्लवी, तो दिवा इकडे कर बेटा, भात वाढू दे मले...

भाऊ, ती पिशवी तुम्ही गाडीतच ठेवली ना?

ओसरीवर? गाडीले कुलूप होतं म्हणून ओसरीवर?

पल्लवी, मघा पाणी आणाले तू ओसरीवरून गेली होती... त्या ताटात काय आहे ते? दिवा कर इकडे. बिया? कायच्या बिया?

भाऊ, त्या ताटाजवळचा पेला तुम्ही उचलला का? मी नाही उचलला. मग हा रिकामा करून कोणी खाली ठेवला...

"बाबा."

काय, बेटा? बस. बस ना खाली. कायले उठून राहिली?

"आई म्हणते, पाणी गोड लागलं."