घड्याळाच्या आधी

माझी आणि लायल ब्रेक्केची पहिली भेट झाली, ती खरं तर माझ्या कोपराची आणि त्याच्या नाकाची.

त्या सकाळी मी तळ्याच्या धक्क्यावर बाबांचं रेसचं जुनं इंजिन चालू करत होते. ही इंजिनं बोटीच्या पाठीला टांगतात. त्या दिवशी मात्र ते पाण्याच्या पिंपाला टांगलं होतं. वरच्या चाकाला दोरी गुंडाळायची, पाय रोवायचा आणि जीव खाऊन ओढायची. मस्कावा तळ्याकाठच्या पोरांना चालायला येण्याआधी एक गोष्ट कळते... दोरी ओढणाऱ्याच्या मागे उभं राहायचं नाही. लायल शेजारच्या राज्यात, मिनेसोटात वाढलेला. त्याला कोण सांगणार?

इंजिन चालू झालं. एरंडेलाचा निळा धूर उठला. आणि त्याच हिसक्याला मागून आवाज आला, "एक्स्क्यूज मीऽऽऽ—" त्यापुढे नुसताच धप्प.

वळून पाहिलं तर एक उंच माणूस धक्क्यावर बसलेला. एका हाताने नाक धरलंय, दुसऱ्या हाताने एक जुना प्रोजेक्टर बाळासारखा छातीशी धरलाय.

"लागलं का हो?"

"नाही, नाही. मला वासच येत नव्हता काही दिवसांपासून. तुमच्या कोपराने आता नाक मोकळं झालं."

मी माझा रुमाल दिला. त्याने नाकाला लावला, आणि डोळे मिटून तसाच बसला. मला वाटलं, गेला हा.

"एरंडेल..." तो पुटपुटला. "माझ्या बाबांच्या सगळ्या शर्टांना हाच वास होता."

रेसची इंजिनं साध्या तेलावर चालत नाहीत. स्पिरिटमध्ये एरंडेल मिसळावं लागतं. बाकी जगात मुलांच्या नाकाला चिमटा लावून पाजतात ते तेल. आमच्याकडे त्याच्या धुराने माणसं हळवी होतात. पण एरंडेलाचा रुमाल नाकाशी धरून असं हसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. डोळे तपकिरी. डाव्या गालाला खळी. नाक... नाकाचं नंतर बघू म्हटलं.

"मी मार्लिस. नाव काय तुझं?"

"लायल. लायल ब्रेक्के."

माझ्या हातातली दोरी गळून पडली.

ब्रेक्के हे नाव आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर घ्यायची बंदी होती. छप्पन सालापासून!

झालं होतं असं. आमच्या शर्यतीत सगळे एका जागी उभे राहून सुटत नाहीत. बोटी आधीच भरधाव फिरत असतात, आणि पंचांच्या माचावर एक भलंमोठं, एकाच काट्याचं घड्याळ असतं. काटा बारावर आला की मागे घंटा वाजते. त्यानंतर सुरुवातीची रेषा ओलांडायची. घंटेआधी ओलांडली तर बाद, मग पुढे पहिला आलास तरी काही उपयोग नाही. माझे बाबा, ऑर्विल ट्रेप्टो, कधीच बाद झाले नाहीत. कारण ते नेहमी उशिराच पोचायचे. आम्ही ट्रेप्टो तसेच. आजोबा स्वतःच्या लग्नालाही जेवणाच्या वेळी पोचले होते. लायलचे बाबा गॉर्डी ब्रेक्के मात्र मनात आकडे मोजत थेट रेषेवर झेपावणारे.

छप्पनच्या ऑगस्टात गॉर्डी पहिले आले, बाबा दुसरे. पंच म्हणाले, गॉर्डीने घंटेआधी रेषा ओलांडली, बाद. कप बाबांना. "मी बरोबर होतो!" असं ओरडत गॉर्डीने बोट गाडीला बांधली आणि मिनेसोटा गाठलं. दोघं जिवलग मित्र होते. तेव्हापासून एक शब्द नाही.

"आणि तू?" मी विचारलं. "इकडे कसा?"

"जुन्या फिल्म व्हिडिओ कॅसेटवर उतरवायचं काम करतो मी. तुमच्या बोट क्लबने बोलावलंय. नाव काही विचारलं नाही त्यांनी." मग रुमाल बाजूला करून म्हणाला, "त्या शर्यतीची फिल्म आहे ना इथे? मला ती बघायचीय. बाबा अजून रोज तेच सांगतात. ती सापडली की मी मोकळा."

ती सापडली की हा मोकळा... आणि मला का कोण जाणे, वाटलं, फिल्म जरा हळूहळूच सापडू दे.

*

फिल्म सगळ्या इर्माआत्याच्या. इर्माआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. कॅमेरा तिचा आणि क्लबचं स्वयंपाकघरही तिचंच. त्यामुळे तिच्या फिल्ममध्ये एक बारीकसा दोष होता. बोटी वळणावर आल्या, कोणीतरी उलटणार, श्वास रोखलेले... आणि कॅमेरा गर्रकन वळून बटाट्याच्या सॅलडवर! मग बराच वेळ सॅलड.

क्लबच्या कोट ठेवायच्या खोलीत आम्ही दोघं ती तुटकी रिळं जोडत बसायचो. लायल फिल्मची दोन टोकं जुळवायचा, मी चिकटपट्टी लावायचे. बोटांना बोटं लागायची. मग दोघांनाही एकदम खिडकीबाहेर काहीतरी बघण्यासारखं सापडायचं.

"हे काय आहे?" तो फिल्म उजेडात धरून विचारायचा.

"मक्याची कणसं."

"आणि हे?"

"चीज. वितळायच्या आधी."

"हे?"

"वितळल्यावर."

"तुझ्या आत्याला बोटी आवडत नाहीत का?"

"आवडतात ना. पण बोट काही खाता येत नाही."

तो हसला की त्याचं सुजलेलं नाक दुखायचं. म्हणून तो "हसवू नकोस ना" म्हणायचा, आणि म्हणूनच मी हसवायचे.

बाबांना मी त्याचं आडनाव सांगितलं नव्हतं. पण शुक्रवारी दुपारी ते दारात येऊन उभे राहिले. लायलकडे वरून खाली बघितलं.

"कान गॉर्डीचे आहेत," बाबा म्हणाले.

"हो, मिस्टर ट्रेप्टो."

"नाक कोणाचं?"

"नाक तुमच्या मुलीचं काम."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "उगाच नाही मारणार ती," एवढंच म्हणाले आणि गेले. आमच्याकडे याला स्वागत म्हणतात.

*

शुक्रवारी संध्याकाळी क्लबात मासे तळतात. इथे शुक्रवारी सगळेच मासे तळतात. त्या दिवशी जेवणानंतर फिल्मचा कार्यक्रम होता. खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या, भिंतीवर चादर. आमच्या फिल्मना आवाज नाही. आवाज आमची म्हातारी मंडळी तोंडाने काढतात. जो ज्या इंजिनावर धावला, त्याचा तो. सगळं सभागृह "घूंऽऽऽ वँऽऽऽ" करत असतं, आणि ज्याची बोट उलटते तो स्वतःच "बुडुक" म्हणतो.

आम्ही दोघं शेवटचं रीळ जोडण्यात इतके गुंतलो, की आमच्या ताटल्या प्रोजेक्टरशेजारी तशाच गार झाल्या. ते रीळ छप्पनचं होतं. डबीवर आत्याने लिहिलं होतं, 'सॉसेज, ऑगस्ट'.

"सापडलं," लायल हळूच म्हणाला.

"हं," मी म्हटलं. "मग उद्या निघशील."

"हो... म्हणजे, निघायला हवं."

पुढे काहीतरी बोलायचं असतं अशा वेळी. मी ट्रेप्टो. मला सुचलं तेव्हा दिवे बंद झाले होते.

पहिलं रीळ मजेत गेलं. दुसऱ्या रिळाच्या मध्यावर क्लबचे अध्यक्ष घाईघाईने उठले. मग त्यांची बायको. मग पहिली अख्खी रांग. "घूंऽऽ" करणारा एकेक आवाज मधेच थांबायचा आणि दाराकडे पळायचा. कोणी म्हणालं, "मासे!" कोणी म्हणालं, "अरे बाजूला व्हा रे!" बाहेर दोनच संडास आणि एक करवंदासारख्या काटेरी झुडपांची रांग. थोड्याच वेळात त्या झुडपांमागूनही कण्हण्याचे आवाज येऊ लागले.

इर्माआत्या स्वयंपाकघरातून ओरडली, "ऑर्विल! तेलाच्या डब्यात काय ओतून ठेवलं होतंस?"

बाहेरून बाबांचा क्षीण आवाज आला, "कुठल्या डब्यात?"

"मोठ्या! पिवळ्या!"

झुडपांची पानं सळसळली. मग, "...एरंडेल."

बाबा डबे फेकत नाहीत. रेसचं तेल त्यांनी तळणीच्या तेलाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवलं होतं, आणि आत्याने त्यात पूर्ण गावाचे मासे तळले होते. वास कोणालाच आला नाही, कारण आमच्या सभागृहाला कायम तोच वास असतो. उलट दोघातिघांनी तर मासे आज घरच्यासारखे झालेत म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेतले होते.

सभागृहात उरलो आम्ही दोघं. रिकाम्या खुर्च्या, उजेडाचा एक झोत, त्यात तरंगणारी धूळ...

"थांबवू का?" मी विचारलं.

"त्यांना त्रास होतोय. पण..." त्याचा हात छप्पनच्या रिळावर होता.

"लाव."

चादरीवर ऑगस्ट उगवला. पाणी चमकत होतं. गुडघे टेकून बसलेले दोन तरुण, त्यांच्या मागे उंच उडणारा पाण्याचा पिसारा. माझे बाबा... कमरेला बारीक! गॉर्डी अगदी लायलसारखा. आवाज काढायला कोणी नव्हतं. लायलने हळूच "घूंऽऽ" केलं. मी "वँऽऽ" केलं. दोघं एकमेकांकडे न बघता करत होतो, आणि माझे कान तापले होते.

बोटी वळल्या. रेषेकडे झेपावल्या... आणि कॅमेरा गर्रकन सॉसेजवर.

"आत्याऽऽ!" मी कपाळावर हात मारला.

"थांब," लायल म्हणाला. "थांब, थांब."

चादरीवर एक जाडजूड पांढरा कुरव पक्षी टेबलावर उतरला होता. त्याने सर्वात मोठं सॉसेज उचललं आणि उडाला. आणि इर्माआत्याने, जिने आयुष्यात अन्नाची पाठ सोडली नाही, कॅमेरा सॉसेजमागे नेला. पक्षी वर गेला, अजून वर गेला, आणि पंचांच्या माचावर, घड्याळाच्या वर चढणाऱ्या काट्यावर जाऊन बसला.

काटा थांबला.

पक्षी निवांत खात होता. काटा त्याच्या वजनाखाली थरथरत होता. त्याच्या पंखाखालून, लांब, गॉर्डी ब्रेक्केची बोट रेषा ओलांडून गेली. सॉसेज संपलं. पक्षी उडाला. काटा टुणकन बारावर. आणि मग रमतगमत माझे बाबा.

प्रोजेक्टर खरखरत राहिला.

"बाबा बरोबर होते," लायल म्हणाला. मग खाली मान घालून, खांदे हलवत... मला वाटलं, रडतोय. तो हसत होता. "आई गं, नाक! मार्लिस, पक्षी! इतकी वर्षं, आणि पक्षी!"

मला मात्र पिवळा डबा दिसत होता, आणि झुडपांमागचे बाबा. त्यांच्याकडे मिरवायला तो एकच कप होता.

"हे आपल्याशिवाय कोणी बघितलं नाही," लायल म्हणाला. हसणं थांबलं होतं. "तू म्हणशील तर रीळ परत डबीत. तुझ्या बाबांचा प्रश्न आहे."

"आणि तुझे बाबा रोज तेच सांगत बसतील?" मी उठले. "चल."

*

क्लबचा फोन संडासाच्या दाराबाहेरच्या भिंतीवर आहे. लायलने मिनेसोटाला लावला. "पप्पा... हो, बघितली. तुम्ही बरोबर होता. काट्यावर पक्षी बसला होता... पक्षी! ...नाही, मी प्यायलेलो नाही."

मग पलीकडून मलाही ऐकू आलं, "ऑर्विल आहे का तिथे?"

एव्हाना संडासात बाबांचा नंबर लागला होता. मी दार ठोठावलं. "बाबा, गॉर्डी ब्रेक्के."

दार वीतभर उघडलं. एक हात बाहेर आला. फोनची वायर ताणून दाराच्या फटीतून आत गेली, आणि दार लागलं.

"गॉर्डी?"

बाबांनी घसा खाकरला.

"पक्षी म्हणे," बाबा म्हणाले. "...हो. ...मी आत्ता संडासात आहे. ...नाही रे, सगळंच गाव आहे. तेल ना... अरे, एरंडेल!"

फोनमधून असं खदखदणं ऐकू आलं, की लायलने भिंत धरली.

"कप तुझा," बाबा म्हणत होते. "पाठवतो. ...त्यात इर्माची बटणं आहेत. ...बरं, बटणांसकट. नाही, तूच ये न्यायला."

*

सकाळी तळं बशीतल्या दुधासारखं होतं. गाव उशिरापर्यंत झोपलं होतं, आणि त्याला दोष देता येत नव्हता. लायल प्रोजेक्टर गाडीत ठेवत होता. कॅसेटही ठेवली. मग काहीच ठेवायचं उरलं नाही, तरी तो डिकी दोनदा उघडून बंद करत राहिला.

मी धक्क्यावर पिंपापाशी उभी होते. हातात दोरी, उगाचच.

"इंजिन चालू करतेस?" तो आला. या वेळी माझ्या समोर उभा राहिला, चांगला लांब.

"शिकलास."

"नाकाने शिकलो." त्याने माचावरच्या बंद घड्याळाकडे बघितलं. "मार्लिस, मला ना... म्हणजे बाबा कप घ्यायला येतील तेव्हा मीही... किंवा त्याआधी, जर तुला... म्हणजे मला विचारायचं होतं की—"

झेपावणाऱ्यांच्या घराण्यातला हा, आणि काट्यावर पक्षी बसल्यासारखा अडकलेला! मी वाट बघितली. वाट बघणं आमच्या रक्तात आहे. आजोबा, बाबा, सगळे याच जागी थांबले असते, आणि गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर त्यांना सुचलं असतं.

मी दोरी टाकली.

"राहा," मी म्हटलं. "जाऊ नकोस. मला आवडतोस तू. सुजलेल्या नाकासकट."

तो बघतच राहिला. "मी अजून विचारलंच नाहीये."

"माहितीये."

"बाद," तो म्हणाला, आणि गालाला ती खळी पडली. "ट्रेप्टोंच्या इतिहासात पहिल्यांदा कोणीतरी घंटेआधी रेषा ओलांडली. बाद!"

"मग तक्रार कर पंचांकडे."

तक्रार करायला तो जवळ आला. अगदी जवळ. मी डोळे मिटले, मान थोडी वर केली, आणि माझं कपाळ नेमकं त्याच्या नाकावर आदळलं.

"आई गंऽऽ!"

मी रुमाल काढला. त्याने तो नाकाला लावला, एरंडेलाचा दीर्घ श्वास घेतला, आणि दुसऱ्या हाताने, न बघताच, गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली.