आणखी खाली

सीटी स्कॅन काढण्यात माझी बावीस वर्षं गेली. त्यामुळे आत पेशंट असताना दार उघडं राहिलं असेल, असं मला कुणी सांगायला येऊ नये.

त्या दुपारी टेबलावर माझा थोरला भाऊ होता. कंबर दुखत होती, मुतखड्याची शंका. जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी ठरलेलं. खांदा आखडल्यामुळे दादाचा उजवा हात डोक्यावर जाईना, म्हणून तो कुशीलाच राहू दिला. बाहेर येऊन दार लावलं. मुतखड्यासाठी ओटीपोटाच्या हाडापाशी थांबायचं असतं, तिथे मी कॉम्प्युटरवर स्कॅनच्या हद्दीची रेघ ओढली.

तेवढ्यात आतल्या माइकवरून आवाज आला, "आणखी खाली..."

"दादा, बोलू नकोस."

"आणखी खाली... मांडीपर्यंत."

आवाज दादाचा नव्हता. मला एक्स-रेवाल्याचा संशय आला. असल्या खोड्यांची त्याला भारी हौस. पण तो माझ्या मागेच डबा खात बसला होता, आणि त्याचाही घास हातातच राहिला होता. का कुणास ठाऊक, मी रेघ खाली ओढली.

पडद्यावर चित्रं आली. हर्नियाच्या फुगीत आतडं नव्हतंच. मूत्राशय घसरून जांघेत उतरलं होतं. उद्या नकळत त्यावरच सुरी चालली असती. रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी चित्रं बघून तिथूनच सर्जनना फोन लावला.

"लघवीला त्रास होतो का रे?" मी दादाला उठवत विचारलं.

"फुगी दाबल्याशिवाय पुरती होत नाही."

"हे सर्जनना सांगितलंस?"

"असलं काय सांगायचं चारचौघांत!"

मला राग आला, आणि रडूही.

"तुमचा माणूस चांगला आहे हं," दादा म्हणाला. "माझा हात धरून उभा होता."

"आत कुणी नसतं, दादा."

"काहीतरीच! तोच बोलत होता ना तुझ्याशी?"

मी पुन्हा एकेक चित्र चाळलं. दादाच्या कुशीला त्याची पाच बोटं दिसत होती. त्यांच्यात गुंतलेली आणखी पाच. ती मनगटापाशी संपत होती, पुढे काहीच नव्हतं.

बाईंनी रिपोर्टात मूत्राशयाचं सगळं लिहिलं. बोटांबद्दल अक्षर नाही. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

बाहेर दादा एका हातानं शर्टाची बटणं लावत होता. उजवा हात अंगापासून जरा लांब धरलेला.

"त्या हाताला काय झालं?"

"त्यानं सोडलाय कुठे अजून?" दादा हळूच म्हणाला. "उद्याचं ऑपरेशन होईपर्यंत थांबतो म्हणाला..."