चढावरचं ओझं

डॉक्टरने आयुष्यात एकाही माणसाला औषध दिलं नव्हतं. तो गियरबॉक्सचा मिस्त्री. गाडीच्या पोटाखाली आडवं व्हायचं, कानांना खराखुरा स्टेथोस्कोप लावायचा आणि आतली घरघर ऐकायची, ही त्याची पद्धत. म्हणून गॅरेजवाल्यांनी त्याला डॉक्टर करून टाकलं होतं. यावर सगळ्यात जास्त हसायची ती त्याची थोरली बहीण. तिने तीस वर्षं इस्पितळात हेडसिस्टर म्हणून काढली होती आणि खऱ्या डॉक्टरांना धाकात कसं ठेवायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या दुपारी तेलाचा डबा आणि मूठभर चिंध्या घेऊन तो ताईकडे गेला. निवृत्तीनंतर ताईने हौसेने एक जुनी गाडी घेतली होती. वयाने तिच्याहून थोडी धाकटी. पुढे एकच लांब सलग सीट, स्टीयरिंगपाशी गियरचा दांडा, आणि गाडी ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच नाही. ताईचा डावा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे क्लचची गाडी तिच्या नशिबातच नव्हती. नवी ऑटोमॅटिक घे म्हटलं, की ती सरळ उडवून लावायची.

"चढावर इंजिन बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही," ताई म्हणाली. "जोर सगळा घशात, पायात काही नाही. तुझ्यासारखं."

"गियर स्लिप होतोय."

"ते मलाही कळतं. बरं होईल का, ते सांग. ही गेली की माझं फिरणं संपलं. मग मी दिवसभर खिडकीत बसून लोकांची कुत्री मोजणार."

ती हसत बोलत होती, पण डॉक्टरला तिच्या आवाजातली धास्ती ओळखता येत होती. त्या गियरबॉक्सचे सुटे भाग मिळणं कधीच बंद झालं होतं. आत काही मोडलं असलं तर गाडी भंगारात जाणार आणि ताई खिडकीत.

त्याने तेलाची पट्टी ओढून पाहिली आणि त्याला हसू फुटलं.

"ताई, तेल कसं बघतेस तू?"

"सकाळी. गाडी बंद असताना. शिस्तीत."

"इथेच घोळ आहे! हे तेल इंजिन गरम आणि चालू असताना बघायचं. बंद गाडीत सगळं तेल खाली उतरतं आणि पट्टी भरलेली दिसते. तुझा गियरबॉक्स उपाशी आहे."

"तीस वर्षं लोकांचे ताप मोजले, आणि शेवटी नापास झाले ती तेलात," ताई म्हणाली.

त्याने तेल भरलं, एकट्याने गाडी काढली आणि तो चढ दोनदा चढून आला. गाडी लोण्यासारखी गेली. ताईने चहा केला, दोघांनी व्हरांड्यात बसून प्यायला, आणि डॉक्टर शीळ वाजवत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी अंधारून येताना तिचा फोन आला. परत स्लिप झाली होती.

ताईचा दिनक्रम ठरलेला असे. उताराच्या तळाशी तिचं जुनं इस्पितळ होतं. ते बंद पडून चार वर्षं झाली होती, खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या, पण आवारातली गुलाबाची झाडं ताईने स्वतः लावलेली. रोज संध्याकाळी ती खाली जायची, झाडांना पाणी घालायची आणि चढ चढून परत यायची. जाताना गाडीची तक्रार नसे. स्लिप व्हायची ती फक्त परतताना.

म्हणून तिसऱ्या दिवशी डॉक्टर तिच्याबरोबर गेला. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, हा त्याचा नियम. ताई झाडांना पाणी घालत होती तोवर त्याने मागच्या चाकापाशी बसून चाक आणि मडगार्ड यांच्यातल्या फटीत बोटं घातली. चार बोटं. स्प्रिंग ठणठणीत. आवारात वारा पडला होता. ओल्या मातीचा वास येत होता आणि मधूनच कुठूनसा फिनाईलचाही.

परत निघाले. अर्ध्या चढावर इंजिनाचा आवाज एकदम चढला, फेऱ्यांचा काटा वर गेला आणि गाडी मात्र रांगायला लागली.

"थांबव," डॉक्टर म्हणाला. "हँडब्रेक ओढ. इंजिन बंद कर."

त्याने उतरून चाकामागे दगड लावला आणि सवयीने फटीत बोटं घातली. तीनच बोटं गेली, म्हणजे मागे वजन आलं होतं. त्याने पुन्हा घालून पाहिली. डिकी उघडली, आत स्टेपनी आणि जॅक, दुसरं काही नाही. मागची सीट रिकामी होती, पण दार उघडताच फिनाईलचा भपकारा नाकात शिरला.

काहीतरी करायचं म्हणून त्याने स्टेथोस्कोप काढला आणि मागच्या सीटच्या पत्र्याला लावला. आत धातू निवताना होणारी टिकटिक ऐकू आली. आणि तिच्याखाली, सावकाश, कुणाच्या तरी श्वासाची घरघर. आत... बाहेर... आत... आणि शेवटी बारीकशी शीळ, छाती भरलेल्या माणसाची असते तशी. इंजिन बंद होतं. 

"ताई..." तो कसाबसा म्हणाला, "मागे कुणीतरी..."

"असतं," ताई हळूच म्हणाली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "एकच असतं. रोज वेगळं."

"तुला भीती नाही वाटत?"

"माझे पेशंट आहेत रे ते. रात्रपाळीला धीर सुटला की प्रत्येकाला मी सांगायची, बरं वाटू दे, मी स्वतः तुम्हाला माझ्या गाडीतून घरी सोडेन. तेव्हा कुठली आली गाडी! म्हणायला काय जातंय..." ती थोडी थांबली. "गेटपाशी आलं की गाडी हलकी होते. मग मी आत जाते, दोन घास खाते. झोप इतकी छान लागते हल्ली."

डॉक्टरने मागचं दार लावलं, चाकामागचा दगड काढला. तो पुढे येऊन बसला आणि रांगत रांगत दोघं घरी पोचले. गेटपाशी मागचा भाग अलगद वर उचलला गेला, हे त्याला बसल्या जागी जाणवलं.

रात्रभर त्याने विचार केला. ताईने ती फेरी सोडावी असं त्याला वाटत होतं, आणि ती सोडणार नाही हेही कळत होतं. पण खरं सांगायचं तर तिला इतकं खुशीत त्याने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. राहता राहिला गियरबॉक्स. आता त्याचं दुखणं समजलं होतं: आतला पट्टा सैल झाला होता, रिकाम्या गाडीला पुरायचा, वजन आलं की घसरायचा. ओझं कुणाचं का असेना, ते पेलणं गियरबॉक्सचं काम, आणि गियरबॉक्स डॉक्टरचं.

सकाळी तो गाडीखाली शिरला. पट्ट्याचा स्क्रू पूर्ण आवळला, मोजून मागे सोडला, नट घट्ट केला. ॲक्सिलरेटरपासून गियरबॉक्सकडे जाणारी सळई वाकली होती, ती सरळ केली. मग वाळूची सहा पोती मागे टाकून तो चढ चढला. गाडीने हूं की चूं केलं नाही. पोती उतरवून काळ्या हातांनी तो ताईसमोर उभा राहिला, तेव्हा त्याला मनापासून समाधान वाटत होतं. ताईने लहानपणी मारायची तशी त्याच्या डोक्यावर टपली मारली.

"आता एकाच्या जागी दहा बसव," तो म्हणाला. बोलायच्या भरात बोलून गेला.

संध्याकाळी तो गेटवर वाट पाहत उभा होता. चढावरून दिवे आले. इंजिनाचा आवाज एकसारखा, भरदार, कुठे सुटणं नाही. त्याची छाती अभिमानाने भरून आली. मग गाडी दिव्याच्या खांबाखाली आली आणि त्याचं हसू विरलं. मागचा बंपर रस्त्याला टेकायच्या बेतात होता. चाकावर फटच उरली नव्हती. आणि ताई सलग सीटवर दाराला अगदी चिकटून, खांदे आवळून बसली होती, दाटीवाटीत माणूस बसतो तशी. बाकी सीट रिकामी होती.

गाडी गेटपाशी थांबली, पण हलकी झाली नाही.

"तुझ्या हाताला गुण आहे रे!" ताई काचेतून म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "आता सगळे मावतात."

"ताई... ते उतरत का नाहीत?"

"आज त्यांना आपापल्या घरी जायचंय. लांब आहे म्हणतात. पण आता गाडी जाईल म्हणतात."

"ताई, तू उतर. मी सांगतो म्हणून उतर..."

"अरे, मी शब्द दिला होता त्यांना," ती म्हणाली. तिने मागे पाहून मान हलवली, कुणाला तरी हो म्हटल्यासारखी, आणि ब्रेकवरचा पाय काढला.

त्याने हँडल धरायला हात टाकला, तोवर गाडी सुटली होती. तो चार पावलं धावला आणि दम लागून उभा राहिला. लाल दिवे वळणाआड गेले. मग उरला तो फक्त आवाज, आणि आवाज ऐकणं तर त्याच्या हाडात होतं. पहिला गियर सुटून दुसरा पडला, अलगद. दुसरा सुटून तिसरा पडला, झटका नाही, घसरण नाही. इतकं सुरेख काम आपल्या हातून कधी झालं नव्हतं, असं त्या क्षणीही त्याच्या मनात येऊन गेलं. गाडी लांब, आणखी लांब जात राहिली. आणि आवाज विरता विरता इंजिनाने एक श्वास घेतला आणि तिसऱ्याच्या पुढे, अगदी हलकेच, चौथा गियर पडला.

त्या गाडीला गियर तीनच होते.